मूठ कुणाच्या हातासाठी?

जोराचा धक्का देणाऱ्या रिव्हॉल्व्हरला कोणती मूठ बसवावी, हा प्रश्न नागपुरात फारसा कुणाला पडत नाही. आपल्याकडे परवाना मिळणे कठीण. मिळालाच तर हाती येते ती बहुधा कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली ०.३२ बोअरची रिव्हॉल्व्हर, आणि तिचा धक्का बेताचाच असतो. अमेरिकेत मात्र शौकीन मंडळी या एका विषयावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत आली आहेत. मूठ लाकडी बरी की रबरी, जाड बरी की बारीक, हाताला कोणती सोसते आणि कोणती कातडी सोलते, ही चर्चा काही संपत नाही.

मला बंदुकांचा शौक नाही, माझा ओढा इतिहासाकडे. पण ही चर्चा समजून घेताना मला आमच्या अजब बंगल्यातल्या तलवारी आठवत राहिल्या. त्या तलवारींविषयी आपण ऐकत आलेल्या काही गोष्टी किती पोकळ आहेत, तेही कळले. हत्यार कुणाचे होते यावर आपण तावातावाने भांडतो, पण ते कसे धरले जात होते हे कुणी विचारत नाही. म्हणून आधी रिव्हॉल्व्हरची मूठ समजून घेऊ, मग नागपूरच्या तलवारीकडे येऊ.

धक्का जातो कुठे?

सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक गोळीआधी मागचा घोडा अंगठ्याने ओढून चढवावा लागतो. ट्रिगर दाबला की तो सुटतो. ट्रिगरला एवढे एकच काम, म्हणून नाव सिंगल ॲक्शन. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत आपल्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. पुढे १८७३ साली त्याच्या कंपनीचे 'सिंगल ॲक्शन आर्मी' हे मॉडेल आले. काउबॉयच्या सिनेमात कमरेला लटकलेली दिसते ती हीच. तिच्या मुठीला अमेरिकन लोक 'नांगराची मूठ' म्हणतात. आपल्याकडे नांगराच्या त्या भागाला रुमणे म्हणतात. त्यामुळे विदर्भातल्या शेतकऱ्याला तिचा घाट वेगळा समजावून सांगायला नको. वर बारीक, खाली रुंद होत गेलेली आणि बाक दिलेली अशी ती असते.

गोळी पुढे गेली की हत्यार मागे येते. नळी हाताच्या वर असल्यामुळे ते सरळ मागे न येता वर उसळते. अशा वेळी ही बाकदार, गुळगुळीत मूठ तळहातात थोडी फिरते. नळीचे तोंड आकाशाकडे जाते आणि घोडा आपसूक अंगठ्याखाली येतो. धक्क्याचा काही भाग या फिरण्यात खर्च होतो आणि पुढच्या गोळीसाठी घोडा चढवणेही सोपे जाते. म्हणजे मूठ हातात किंचित सरकते हा तिचा दोष नाही. तिने तसे सरकावे म्हणूनच ती तशी घडवली आहे.

अडचण आली ती काडतूस वाढल्यावर. १९५० च्या दशकाच्या मध्यावर ०.४४ मॅग्नम हे जबर काडतूस बाजारात आले. त्याच्या धक्क्याने मूठ इतक्या जोरात फिरते की ट्रिगरभोवतीची लोखंडी कडी मधल्या बोटाच्या पेरावर आदळते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचकीची कातडी सोलवटते. यावर तोडगे निघाले. रुगर कंपनीने १९५९ साली 'सुपर ब्लॅकहॉक' काढली, तिची मूठ लांब केली. कोल्टने १८९४ साली नेमबाजीच्या स्पर्धांसाठी 'बिस्ले' नावाचा वेगळा घाट काढला होता. रुगरने पुढे त्याच नावाची आणि त्याच वळणाची मूठ आपल्या रिव्हॉल्व्हरला दिली. ती अधिक उभी असते आणि तिची पाठ वरपर्यंत चढलेली असते. त्यामुळे हत्यार हातात न फिरता तळहातावर सरळ मागे रेटते. ज्याला धक्का रेटा म्हणून सोसतो त्याला ती मानवते. ज्याला हत्यार हातात फिरलेले आवडते तो जुन्या रुमण्याकडेच परततो.

सामानाचेही तसेच. रबरी मूठ धक्का शोषते, पण हाताला चिकटून बसते आणि फिरू देत नाही. लाकडावर चौकटीची नक्षी कोरली की पकड पक्की होते, मात्र जोराच्या धक्क्यात तीच नक्षी कानशीसारखी तळहात घासते. जाड मूठ धक्का मोठ्या जागेवर पसरवते म्हणून कमी बोचते. ती फार जाड झाली तर बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही. मग माणूस हात वाकडा करून धरतो आणि सगळा मार अंगठ्याच्या सांध्यावर घेतो. जाणकारांचा सल्ला म्हणून साधाच असतो. दुकानात हाताला मऊ लागणारी मूठ घेऊ नका. पाच-पन्नास गोळ्यांनंतर हात कुठे दुखतो ते पाहा आणि त्यावरून मूठ निवडा.

या मुठींचा आपल्या जंगलांशीही एक धागा आहे. रिव्हॉल्व्हरच्या आणि सुऱ्यांच्या मुठींसाठी सांबराच्या शिंगाला जगभर मोठा मान होता आणि ते शिंग भारतातून जात असे. शिंग कडक, भरीव आणि खरबरीत असते, ओल्या हातातूनही निसटत नाही. गळून पडलेली शिंगे गोळा करून विकली जात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने ही निर्यात बंद केली. पेंच-ताडोब्यात फिरणारे सांबर ज्या जातीचे, त्याच जातीच्या शिंगाची मूठ टेक्सासमधल्या एखाद्या आजोबांच्या कपाटात आजही असेल.

छोट्या मुठीचे कोडे

आता नागपूर. इथले मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचे. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. तिथल्या शस्त्रांच्या दालनात उभे राहिले की शेजारून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, "पूर्वीची माणसे कशी असतील, एवढ्या वजनाची तलवार!" दुसरे, "पण मूठ बघ किती लहान, आपला हातसुद्धा मावायचा नाही." ही दोन वाक्ये एकाच तोंडून निघतात आणि त्यातली विसंगती बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पूर्वज राक्षसासारखे धिप्पाड, आणि त्यांचे हात मात्र लहान मुलाचे!

वजनाची गोष्ट आधी संपवू. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत तलवारी चाळीस-चाळीस किलोच्या असतात. प्रत्यक्षात लढाईतली तलवार साधारण किलोभराची असे, थोडे कमी किंवा थोडे जास्त. मॅग्नम काडतुसाची रिव्हॉल्व्हरही सव्वा-दीड किलोच्या घरात असते. दिवसभर घोड्यावर बसून जे चालवायचे, ते त्याहून जड करून कोण घेईल?

मुठीचे कोडे जास्त महत्त्वाचे. हिंदुस्थानी तलवारीची मूठ लोखंडी असते, मध्ये थोडी फुगीर, वरच्या टोकाला एक गोल तबकडी. कित्येक इंग्रजांनी ती हातात घेतली आणि तक्रार केली की मूठ आखूड आहे, तबकडी मनगटाला टोचते. यावरून 'नेटिवांचे हात लहान' असा निष्कर्ष निघाला आणि पुढे पुस्तकांतून फिरत राहिला. पण ते ही तलवार आपल्या सवयीने धरत होते. हात लांबवून टोक खुपसायला गेले की तबकडी टोचणारच. इथल्या तलवारीचे मुख्य काम खुपसण्याचे नव्हतेच. पाते वाकडे, वार खांद्यातून यायचा आणि ओढत कापत जायचा. त्या वारात पंजा परज आणि तबकडी यांच्यामध्ये घट्ट अडकलेला राहतो. मनगट मोकळे सुटत नाही, पात्याची धार वळत नाही आणि घोड्याच्या वेगात तलवार हातातून निसटत नाही. ज्या कामासाठी मूठ घडवली ते काम केले की तबकडी टोचत नाही, उलट आधार देते.

एका इंग्रज अधिकाऱ्याला हे नेमके कळले होते. कॅप्टन लुई नोलन घोडदळातला. मद्रास इलाख्यात त्याची नोकरी झाली होती. १८५४ साली बालाक्लाव्हाच्या त्या प्रसिद्ध चढाईत तो मारला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी घोडदळावरचे त्याचे पुस्तक निघाले होते. त्यात त्याने निजामाच्या फौजेतल्या घोडेस्वारांच्या एका चकमकीविषयी लिहिले आहे. जखमींची डॉक्टरने केलेली नोंद वाचून तो चक्रावला, कारण हातपाय कापले गेल्याच्या अशा जखमा इंग्रजी तलवारींनी होत नसत. चौकशी केल्यावर त्याला कळले की या स्वारांच्या तलवारींची पाती बहुतेक इंग्रजांचीच होती, इंग्रजी घोडदळाने मोडीत काढलेली. स्वारांनी ती घेऊन आपल्या मुठी बसवल्या होत्या. मुठी धातूच्या, पकडीला लहान आणि किंचित चपट्या. इंग्रजी मूठ गोल असल्यामुळे हातात फिरे आणि धार नेमकी बसत नसे, हा फरक नोलनने टिपला आहे. शिवाय हे स्वार पाती वस्तऱ्यासारखी धारदार ठेवत आणि लाकडी म्यानात घालत. इंग्रजांच्या लोखंडी म्यानात धार बोथट होत असे.

पाते तेच होते. मूठ, म्यान आणि धार लावणारा हात बदलला, आणि मोडीतल्या पात्याचे हत्यार झाले.

हे स्वार आपल्याला परके नाहीत. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रजांच्या हुकमतीत चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी हिंगोलीलाही होती. या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटीच मे १८५३ च्या तहाने इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले आणि १८५४ साली वारस नाही या सबबीवर नागपूर खालसा झाले. ज्या दोन वर्षांत नोलन त्या मुठींचे कौतुक छापत होता, त्याच दोन वर्षांत विदर्भाचे दोन्ही भाग कंपनीच्या मुठीत गेले.

रघूजींची तलवार

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी यांच्या नावाची तलवार विक्रीला आली. महाराष्ट्र सरकारने ती विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर झालेल्या लुटीत ती गेली असावी, असा तर्क तेव्हा केला गेला. त्या लढाईत आणि नंतर डिसेंबरअखेरपर्यंत शहर लढवताना अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने अरब शिपाई किती चिवटपणे झुंजले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. शहरावरचा हल्ला परतवल्यावर सुरक्षित वाटेची बोली करून मगच ते बाहेर पडले. तलवार परत आल्याच्या जल्लोषात त्यांची आठवण क्वचितच कुणी काढली.

असो. तलवारीकडे पाहू. पाते सरळ, एकधारी आणि युरोपात बनलेले. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याचे काम केलेली. बागलाणातल्या मुल्हेरवरून या मुठीला नाव पडले. पात्याच्या पाठीवर देवनागरीत अक्षरे आहेत, 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. हा मजकूर सावकाश वाचावा. सेना संस्कृत, साहेब आणि सुभा अरबीतून आलेले, आणि फिरंग म्हणजे युरोपियन पाते. छत्रपती शाहूंनी दिलेल्या किताबात आणि तलवारीच्या पाठीवर या भाषा शेजारी शेजारी बसल्या आहेत. त्यांना एकमेकींची अडचण होत नव्हती. ज्या नागपुरातून ही तलवार चालली, ते शहर वसवले देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने. तो मुसलमान झाला होता.

माझे लक्ष मात्र मुठीवर खिळले. तिच्या पकडीला हिरवे लोकरी कापड गुंडाळलेले आहे. सोन्याचे काम डोळ्यांसाठी, कापड हातासाठी. उन्हात तापलेले किंवा घामाने निसरडे झालेले लोखंड उघड्या तळहाताने धरून दाखवा, मग त्या कापडाची किंमत कळेल. या घाटाच्या तलवारींना बोटांवरून जाणारी रुंद परज असते आणि तिच्या आतून पुष्कळदा कापसाची मखमली गादी शिवलेली असते. वार बसल्यावर बोटांची पेरे लोखंडावर आदळू नयेत म्हणून. मॅग्नमवाल्याचे पेर सुजते आणि तो रबरी मूठ शोधतो, तीच ही गरज. आपल्या कारागिराने अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी तिला गादीने उत्तर दिले होते.

धार लावणारे हात

ते कारागीर कोण? यात मुठी घडवणारे लोहार होते, सोन्याची तार बसवणारे होते, आणि आपल्या जमातींपैकी शिकलगार होते. 'सैकल' म्हणजे हत्याराला जिल्हई देणे, हा अरबी शब्द. त्याला फारसी 'गर' लागून सैकलगर झाला आणि मराठीत शिकलगार. पाते घासणे, धार लावणे, सैल झालेली मूठ पुन्हा बसवणे ही कामे त्यांच्याकडे. हिंदुस्थानी तलवारीची मूठ बहुधा रिबिटाने ठोकलेली नसते. पात्याचा आखूड शेपटा मुठीच्या पोकळीत घालून लाख-राळेने जाम केलेला असतो. तापवले की लाख सुटते, मूठ निघते, दुसरी बसते. इंग्रजी पात्याला आपली मूठ किंवा फिरंगी पात्याला मुल्हेरी मूठ बसवणे म्हणूनच सोपे होते. रिव्हॉल्व्हरवाला आज स्क्रू काढून मूठ बदलतो. शिकलगार तेच काम शेगडीवर करत असे.

ही विद्या हळूहळू गेली नाही, कायद्याने गेली. जून १८५७ मध्ये नागपुरातल्या घोडदळाचा उठावाचा बेत फसला आणि त्या पथकाची हत्यारे काढून घेतली गेली. पुढे १८६० साली आणि मग लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली हत्यारांचे कायदे आले. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनांना सूट होती. इंग्रज साहेब कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फिरू शकत होता, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी तलवारींना धार लावली त्यांच्या दुकानात विळे, कात्र्या, सुऱ्या आणि वस्तरे उरले. 'शिकलगार' आडनाव आजही महाराष्ट्रभर सापडते. ते आडनाव लावणाऱ्या किती मुलांना त्याचा अर्थ माहीत असेल?

या कायद्याविरुद्ध नागपुरातच एक वेगळा लढा झाला, तो आता नागपूरकरही विसरले. १९२७ साली मंचरशा आवारी या पारशी गृहस्थांनी शस्त्र कायदा मोडण्यासाठी सत्याग्रह काढला. विनापरवाना तलवारी घेऊन माणसे रस्त्यावर उतरली. बंगालच्या स्थानबद्धांना सोडा, ही त्यांची मागणी होती. लोक त्यांना जनरल आवारी म्हणत. गांधीजींनी या सत्याग्रहाला पाठिंबा दिला नाही. हातात तलवार आणि तोंडी अहिंसा हे त्यांना पटले नाही. आवारी तुरुंगात गेले आणि तिथे त्यांनी दीर्घ उपोषण केले. मला गांधीजींचे म्हणणे पटते, पण आवारींचा सवालही खोटा वाटत नाही. तलवार चालवण्यासाठी त्यांनी उचललीच नव्हती. ती कुणी धरावी हे परक्याने का ठरवावे, एवढेच त्यांना विचारायचे होते.

मूठ आणि कब्जा

अरबीत मुठीत धरण्याला 'कब्ज' म्हणतात. त्यावरून आलेला 'कब्जा' उर्दूत ताबा या अर्थाने चालतो आणि तलवारीची मूठ या अर्थानेही. आजच्या मराठीत मुख्यतः ताबा हाच अर्थ चालतो. आज तलवारींविषयी आपले सगळे बोलणे याच एका अर्थाने चालते. तलवार कुणाची, कुणाच्या विरुद्धची, ती कुणी परत आणली. फलकांवर, मिरवणुकांत तलवार दिसते ती पात्यासकट उगारलेली. तिची मूठ मात्र पंजात झाकलेली असते आणि तिच्याकडे कुणाची नजर जात नाही.

मुठीकडे पाहिले की हे भांडण जरा खाली बसते. रघूजींच्या तलवारीचे पाते युरोपातले, घाट बागलाणचा, अक्षरे देवनागरी, किताब मिश्र भाषेचा. असल्या पात्यांना धार लावणारे आमचे शिकलगार. यातला एक हात वजा केला तर उरलेली वस्तू लढाईच्या कामाची राहत नाही. त्यात आमचाही हात आहे, हे आम्ही उपकार मागितल्यासारखे सांगू नये आणि ऐकणाऱ्यांनीही उपकार केल्यासारखे मान्य करू नये. ते लोखंडात आणि लाखेत आहेच.

मराठीत 'मूठ' हत्यारापुरती नाही. मृग बरसला की शेतकरी चाड्यावर मूठ धरतो, तीही मूठच. नांगराचे रुमणे, विळ्याची मूठ, खलबत्त्याचा दस्ता, सगळीकडे प्रश्न एकच असतो. हा हात दिवसभर काय करणार आहे? त्या प्रश्नाचे उत्तर माहीत नसताना दुसऱ्याच्या मुठीला लहान, टोचरी किंवा विचित्र म्हणणे हा अडाणीपणा. इंग्रजांनी तो आपल्या तलवारीबाबत केला. आपण एकमेकांच्या जमातींबाबत, त्यांच्या चालीरीतींबाबत तो रोज करतो.

एक साधी सूचना आहे. रघूजींची तलवार जिथे कायमची ठेवली जाईल, तिथल्या पाटीवर राजाचे नाव मोठ्या अक्षरांत असावेच. त्याखाली दोन ओळी मुठीसाठी असाव्यात. तिचा घाट कुठला, त्या कापडाचे काम काय, लाख कशी भरतात, आणि असल्या हत्यारांना जिल्हई देणाऱ्यांना काय म्हणत. शाळेच्या सहलीतली एखादी शिकलगारांची मुलगी ती पाटी वाचेल आणि बाईंना म्हणेल, "बाई, हे तर माझे आडनाव."